इंग्रजीतील ‘गूफी’ या शब्दाचा नेमका भाव कोणता आणि तो मराठीत कसा सांगावा?

प्रश्न

मी सोलापुरातील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार पाहते. लहान मुलांच्या टॉवेलसाठी आमच्या डिझाइनर काकांनी पुढचे दोन दात दाखवून हसणारा ससा काढला होता. इंग्लंडमधील ग्राहकाने नमुना पाहून ‘ससा जरा गूफी दिसतो’ एवढेच कळवले. शब्दकोशात मला मूर्ख, बावळट, खुळचट असे अर्थ मिळाले आणि मी घाईने काकांना सांगून टाकले की ग्राहकाला ससा बावळट वाटतो. ज्यांची उमर मागावरचे नमुने काढण्यात गेली, त्यांना हे लागले. त्यांनी काही न बोलता कागद गुंडाळून ठेवला, आणि तेव्हापासून मला चैन नाही. ग्राहकाने दोष दाखवला की कौतुक केले? आणि काकांना तो शब्द मराठीत कसा सांगायला हवा होता?

पहिले उत्तर

शब्दकोशाने चुकीचा अर्थ दिलेला नाही, परंतु त्या अर्थामागचा सूर त्यात येत नाही. ‘गूफी’ हा बोलण्यातला, अनौपचारिक शब्द असून तो १९२०च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. डिस्नेच्या त्या लांब कानांच्या कुत्र्यावरून तो आला असा अनेकांचा समज असतो, पण क्रम उलटा आहे. ते पात्र १९३२ साली प्रथम पडद्यावर आले तेव्हा त्याचे नाव ‘डिप्पी डॉग’ होते आणि ‘गूफी’ हे नाव त्याला नंतर मिळाले. ‘डिप्पी’ या विशेषणाचा अर्थही साधारण तसाच, म्हणजे थोडे खुळे. धडपडणारा, गोंधळणारा, तरीही ज्याचा राग येत नाही असा तो कुत्रा डोळ्यांसमोर आणला, तर शब्दाचा भाव पुष्कळसा हाती लागतो.

‘स्टुपिड’ हा शब्द बुद्धीवर बोट ठेवतो आणि तो माणसाला उद्देशून वापरला तर अपमानच होतो. ‘सिली’ सौम्य आहे. आई मुलाला सहज म्हणू शकते. ‘गूफी’मध्ये बुद्धीचा प्रश्न फारसा येतच नाही, चेहरा, हसू, चाल, टोपी, एखादी कल्पना अशा दिसणाऱ्या किंवा जाणवणाऱ्या गोष्टींतला हसवणारा वेंधळेपणा त्यातून सांगितला जातो. मित्राच्या हसण्याला गूफी म्हटले तर ती बहुधा माया असते. मात्र वरिष्ठांनी मांडलेल्या योजनेला तसे म्हणणे उद्धटपणाचे ठरेल, कारण तेथे ‘हे गंभीरपणे घेण्यासारखे नाही’ असा अर्थ पुढे येतो.

दुसरे उत्तर

आपला ग्राहक इंग्लंडमधील आहे आणि सशाचे दात दिसत आहेत, या दोन गोष्टींकडे वरील उत्तरात दुर्लक्ष झाले आहे. ब्रिटिश बोलण्यात ‘गूफी’चा आणखी एक अगदी ठरीव अर्थ आहे, तो म्हणजे पुढे आलेल्या दातांचा. त्यामुळे ग्राहकाने सशाच्या स्वभावाविषयी काहीच म्हटले नसून केवळ दातांकडे लक्ष वेधले असणे शक्य आहे. शिवाय ‘जरा’ हा शब्द इंग्रज माणूस कौतुकातही वापरतो आणि नापसंती सौम्य करून सांगतानाही वापरतो. म्हणून तर्क करत बसण्यापेक्षा दात कमी करायचे आहेत का, असे त्यांना सरळ विचारावे.

तिसरे उत्तर

मराठी शब्दाविषयी लिहितो, कारण मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘गूफी’साठी एकच नेमका शब्द शोधू नये. आपल्याकडे ही माया शब्दापेक्षा लिंगातून आणि सुरातून येते. ‘तो येडा आहे’ आणि ‘येडं कुठलं!’ या दोन वाक्यांतला फरक सोलापुरातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. नपुंसकलिंगात जाताच त्या शब्दाची धार बोथट होते आणि तो लाडाचा होतो. ‘खुळं पोरगं’, ‘वेडं लेकरू’ यांतही तेच घडते. याउलट ‘बावळट’ हा शब्द कोणत्याही लिंगात टोचतोच. त्याचाच भाऊबंद असलेला ‘बावळा’ मात्र ‘वेश असावा बावळा, परी अंगी नाना कळा’ या म्हणीत किती निराळा, जवळजवळ आदराचा होऊन बसला आहे!

भोळेपणाचे शब्द असे सरकत राहतात. इंग्रजीतला ‘सिली’ मूळचा ‘सुखी, धन्य’ अशा अर्थाचा होता. तो आधी निष्पाप, मग दुबळा आणि अखेरीस खुळा झाला. ‘डाफ्ट’ हाही एके काळी सौम्य, नम्र माणसासाठी होता. आपण शंकराला भोळा म्हणतो तेव्हा ती भक्ती असते, आणि व्यवहारात एखाद्याला भोळा म्हणतो तेव्हा तो फसेल अशी काळजी असते. सोलापुरात तर शेजारची भाषाही विचारात घ्यावी लागते: कन्नडमध्ये ‘पेद्द’ म्हणजे मठ्ठ माणूस, तर तेलुगूत ‘पेद्द’ म्हणजे मोठा, वडीलधारा. दोन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला सोडून पाहता येत नाही, हे आपल्याला वेगळे शिकावे लागू नये.

काकांना ‘ससा वेंधळं, गोड हसतोय’ असे सांगितले असते तर ते मूळ वाक्याच्या पुष्कळ जवळ गेले असते.

प्रश्नकर्तीचे पुढचे टिपण

सर्वांचे मनापासून आभार. मी ग्राहकाला दातांविषयी सरळ विचारले आणि आज उत्तर आले. त्यांचा रोख दातांवरच होता: दात किंचित आखूड करावेत, हसू मात्र आहे तसेच ठेवावे. ते पत्र मी काकांना शब्दशः मराठीत वाचून दाखवले आणि ‘बावळट’ हा शब्द ग्राहकाचा नव्हता, माझा होता, हेही सांगितले. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत ‘पिच्चि’ म्हणजे वेडं, खुळं. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “म्हणजे आमच्यात नातवाला ‘पिच्चि’ म्हणतात, तसंच ना?” मग त्यांनी कागद पुन्हा उलगडला आणि पेन्सिलीने दोन्ही दातांची टोके खोडली.