मदत हवी आहे: कोणी पडलं की मुलगा हसतो

आम्ही कोथरूडला राहतो, मुलगा ९ वर्षांचा. परवा पावसात कर्वे रोडवर एक काकू स्कूटरवरून घसरून पडल्या आणि हा मागे बसून खदाखदा हसत सुटला, त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं तरी थांबेना. आज्जी बाथरूममध्ये घसरली तेव्हाही तेच, मला फार वाईट वाटलं तेव्हा. एरवी मायाळू आहे हो, सोसायटीतल्या मांजरांना स्वतः दूध घालतो, शाळेतूनही काही तक्रार नाही.

रागावून झालं, "तू पडलास तर?" विचारून झालं, पडापडीचे रील्स दोन आठवडे बंद केले, फरक शून्य. वाचलं थोडं, २००९ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढले होते, ज्याचा हेवा वाटतो त्याचं वाईट झालं की मेंदूतला आनंदाशी जोडलेला भाग जास्त जागा होतो म्हणे. पण याला आज्जीचा कसला हेवा? घाबरूनही हसू येतं असं ऐकलंय.

समुपदेशकाकडे जायची तयारी आहे, पण त्याआधी विचारते, हे घाबरल्याचं हसू आहे की खरंच मजा वाटतीये हे कसं ओळखायचं, आणि तो हसत असतो त्या क्षणी नेमकं काय बोलायचं?