गिझरचा दिवा विझत नाही

बी-४०२ काकू: आमच्या गिझरच्या नळातून पाण्याबरोबर वाफ येतेय. पाणी नुसतं खदखदतंय. नातवाचा हात भाजता भाजता राहिला. कुणाकडे इलेक्ट्रिशियनचा नंबर आहे का?

ए-१०१: आमचं उलटं आहे. निफाडचा पारा उतरला की आमचा गिझर संपावर 😀

सी-२०३: नवीनच घ्या काकू, सेल चालू आहे.

ए-३०४ नाना: काकू, आधी भिंतीवरचं बटण बंद करा. केलं का?

बी-४०२ काकू: केलं नाना.

ए-३०४ नाना: आता थंड होऊ द्या, तोवर नळ सोडू नका. गिझरचा दिवा विझत होता का?

बी-४०२ काकू: नाही हो. पहाटे लावला, तासाभरानेही लालच.

ए-३०४ नाना: मग थर्मोस्टॅट चिकटलाय. पाणी तापलं की त्याचे पॉइंट सुटून कॉइलचा करंट तुटायला हवा, तो तुटत नाही. १५ लिटरची टाकी, २००० वॅटची कॉइल, १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला साधारण पंचवीस मिनिटं. मध्ये कुणी पाणी काढलं नाही तर तेवढ्यात दिवा विझलाच पाहिजे. नवा थर्मोस्टॅट टाका, गिझर बदलायची गरज नाही. टाकीच गळत असेल तर गोष्ट वेगळी.

ए-१०१: म्हणजे माझाही थर्मोस्टॅटच?

ए-३०४ नाना: दिवा लागतो?

ए-१०१: लागतो. पाणी मात्र गारच्या गार.

ए-३०४ नाना: मग त्याला उगाच बदनाम करू नका. बहुतेक गिझरमध्ये तापवायचा दिवा करंटच्या वाटेवर थर्मोस्टॅटच्या नंतर असतो. दिवा लागतोय म्हणजे थर्मोस्टॅट करंट सोडतोय. कॉइल गेलीय तुमची. दिवा पाच मिनिटांत विझून पाणी कोमटच राहत असतं, तर मी थर्मोस्टॅटवर संशय घेतला असता.

सी-२०३: आमचा दर महिन्याला बंद पडतो. माणूस येतो, झाकण काढून एक छोटं बटण दाबतो, ३०० रुपये घेऊन जातो.

ए-३०४ नाना: ते कटआउट. पाणी फार तापलं की तेच लाइन तोडतं. एकदा पडलं तर ठीक, दर महिन्याला पडतंय म्हणजे थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाहीये. वर्षाच्या ३६०० मध्ये तो कितीदा बदलून झाला असता.

सी-२०३: तो म्हणतो, कटआउट वगळून लाइन डायरेक्ट जोडून देतो, मग कटकट नाही.

ए-३०४ नाना: अजिबात नाही!! मग वाफ कोंडायला वेळ लागत नाही. आणि टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतंय म्हणून कुणी तिथे बूच मारलं असेल, तर आजच काढा.

सेक्रेटरी: नाना, हे पिन करतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचं गाऱ्हाणं मात्र मीटिंगमध्ये.

ए-१०१: गाऱ्हाणं तर आहेच 🙄

_(संध्याकाळी)_

बी-४०२ काकू: थर्मोस्टॅट बदलला. कॉइलही काढून बघितली, क्षाराचे वाटीभर पापुद्रे निघाले! फोटो टाकते. नाना, दिवा २२ व्या मिनिटाला विझला. घड्याळ घेऊन समोर बसले होते.

ए-३०४ नाना: 👍 नॉब ६० च्या वर नेऊ नका.

बी-४०२ काकू: ५५ वर ठेवलाय. नातू विचारतोय, आता वाफ का येत नाही.