गॅलिलिओसारखी दुर्बीण केली, पण चंद्राचा तुकडाच दिसतो

गच्चीवरून_नाशिक: लेक आठवीत आहे. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले हे वाचलं आणि म्हणाली, "आई, आपणही तस्संच बघू." मेन रोडवरून चष्म्याच्या काचा आणल्या. पुढे अधिक १ नंबर, डोळ्याशी वजा १० च्या दोन, एकीवर एक. पीव्हीसी पाइपात ९५ सेंमी अंतरावर बसवल्या. चित्र सुलट येतं, पण चंद्राचा तुकडाच दिसतो, कडेला निळी-जांभळी झालर. गुरू तर सापडतच नाही. काय चुकलं? तयार दुर्बीण घ्यायची नाही, तिला तिच्या हातच्या दुर्बिणीतूनच गुरूच्या चंद्रांचे ठिपके दिसायला हवेत.

अंजनेरी: ताई, काहीच चुकलेलं नाही. पुढच्या काचेचं नाभीय अंतर (काचेपासून प्रकाश एकवटतो तिथवरचं) १०० सेंमी, मागच्या जोडीचं ५, म्हणजे १०० भागिले ५, २० पट. गॅलिलिओची चांगली दुर्बीणही साधारण २० पटच मोठं दाखवायची आणि तिच्यातही अख्खा चंद्र एकदम मावत नसे. डोळ्याशी अंतर्वक्र (मधे पातळ) भिंग असलं की एका वेळी दिसणारा टप्पा अरुंदच. झालरीवर उपाय त्याचाच आहे. पुढच्या काचेवर पुठ्ठ्याची चकती लावा, मधोमध २ सेंमी भोक. दृश्य आणखी आवळेल, पण कडा स्वच्छ येतील.

पंचवटीकर: खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये दोन्हीकडे बहिर्वक्र (मधे फुगीर) भिंगं सुचवली. टप्पा रुंद होतो, चित्र मात्र उलटं. पण लेकीला गॅलिलिओचीच हवी असेल तर काचा बदलू नका. पाइप हातात धरू नका, २० पटीत हाताचा कंपही २० पट होतो. कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून त्यावर टेकवा. आणि रोज चित्र काढायला लावा, खरी गंमत त्यातच आहे. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओला गुरूच्या पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक 'तारा' दिसला, दुसऱ्या दिवशी तिन्ही पश्चिमेला! चौथा १३ तारखेला सापडला.

गच्चीवरून_नाशिक: चकती लावली, पिशवी ठेवली. गुरू शोधायला अर्धा तास गेला. काल डावीकडे दोन ठिपके होते, उजवीकडे एक. आज डावीकडे एकच आहे. वहीत दोन्ही चित्रं काढून दुसरा कुठे गेला ते बघायला ती अजून गच्चीवरच बसली आहे.