वनौषधींतून नवी औषधं: पुण्याने यात पैसा आणि माणसं घालावीत का?

देवराई

मंडळी, मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. दरवर्षी एम.फार्म.ची मुलं प्रबंधाचा विषय घेऊन येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात एखादी वनस्पती असते. पुढचं सगळं ठरलेलं. पानं सावलीत वाळवायची, भरड करायची, सॉक्सलेट या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात मिथेनॉल फिरवत ठेवायचं आणि तळाशी उरलेला गडद हिरवा, चिकट अर्क खरवडून घ्यायचा. तो डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा. रंग उडून पिवळट झाला की 'अँटिऑक्सिडंट गुणधर्म आढळले'. मग उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणायची, अर्काने ती किती उतरली ते मोजायचं आणि प्रबंध बांधायला टाकायचा. डीपीपीएचचा रंग साध्या चहानेही उडतो. एवढ्यावरून कुठला उपचार हाती लागत नाही, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असतं आणि शिकणाऱ्यालाही.

तरी हे संशोधन बंद करा असं मी म्हणणार नाही. ते शेवटापर्यंत न्या, असं माझं म्हणणं आहे. सर्पगंधेचंच बघा. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळांतून अजमलीन हे द्रव्य वेगळं केलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर आणि मनोविकारांवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी ५० रुग्णांवरचे निकाल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यातलं रक्तदाब उतरवणारं रेसर्पीन मात्र १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत वेगळं झालं. मूळ आपलं, वैद्यांचा अनुभव आपला, रुग्णांवरचं काम आपलं. गोळी त्यांची.

पुण्यात आघारकर संस्थेचं हर्बेरियम, म्हणजे वाळलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह आहे, बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, रास्ता पेठेत आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. सगळं तासाभराच्या अंतरात. या सगळ्यांनी मिळून एकच वनस्पती घ्यावी आणि दहा वर्षं सोडू नये. त्यासाठी सरकारने पैसा द्यावा. तुमचं काय मत?

हिंजवडीकर

सर, दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध पटत नाही.

मी औषध कंपनीत नवे रेणू बनवण्याचं काम करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे लाखाहून जास्त अर्क तपासले. त्यातून मोठी म्हणावीत अशी दोनच नावं पुढे आली, कर्करोगावरची टॅक्सॉल आणि कॅम्पटोथेसिन. आणि तिजोरी अमेरिकेची होती! १९८१ ते २०१९ या काळात मंजूर झालेल्या १,८८१ नव्या औषधांचा आढावा घेतला गेला, त्यात वनस्पतींच्या सबंध अर्कापासूनची औषधं १४ निघाली. निसर्गातल्या रेणूंवर बेतलेली औषधं पुष्कळ आहेत, मान्य. पण त्यांतही जिवाणू आणि बुरशींचा वाटा मोठा आहे. पेनिसिलिन बुरशीचं, कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिनही बुरशीचंच.

हळदीवर तर आपण सगळेच भाळलो. २०१७ मध्ये तिच्यातल्या कर्क्युमिन या रेणूवरच्या कामाचा सविस्तर आढावा आला. तोवर माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या, आणि प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणारी एकही दुहेरी-अंध (कोणाला काय दिलंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत नसलेली) चाचणी यशस्वी ठरली नव्हती. हा रेणू टिकत नाही, रक्तात पुरेसा पोचत नाही आणि प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्यांत खोटा होकार देतो. एवढा पैसा आणि एवढ्या हुशार पोरांची वर्षं टीबीच्या नव्या औषधांवर लागली असती तर? मला हा प्रश्न खरंच छळतो.

सदाशिव_वैद्य

हिंजवडीकर, हळदीतून एक रेणू बाजूला काढलात, तो चालला नाही, आणि हळद नापास? असं आम्ही कधी देतो का? रुग्णाचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बघून, तुपातून किंवा दुधातून, दुसऱ्या द्रव्यांच्या जोडीने देतो, पथ्य सांगतो. आमच्याकडे कल्प, म्हणजे अनेक द्रव्यांचं ठरलेलं मिश्रण, असतो, तर तपासा कल्पच.

आणि तो तपासता येतो हे पुण्याच्या पुढाकाराने झालेल्या कामातून दिसलं आहे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या पैशावर गुडघ्याच्या संधिवातासाठी दुहेरी-अंध चाचणी झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. २०१३ मध्ये ती रूमॅटॉलॉजी या मासिकात आली. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालईचा डिंक यांचा कल्प वेदना आणि हालचालीच्या बाबतीत ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवरच्या गोळ्यांच्या तोडीस उतरला. एकेक रेणू हुडकत बसले असते तर हे कळलं असतं का?

हिंजवडीकर

वैद्यराज, ती चाचणी मला मनापासून आवडते. म्हणूनच ती पूर्ण सांगायला हवी. आयुर्वेदिक कल्प घेणाऱ्या काही रुग्णांचं एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलं आणि त्यांना चाचणीतून काढावं लागलं. त्यांना काही त्रास जाणवत नव्हता, रक्त तपासलं म्हणून कळलं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता आणि कोणी रक्त तपासत नव्हतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. 'हजारो वर्षं वापरतोय' या एका वाक्यावर सुरक्षिततेचा प्रश्न बंद करायचा नसतो.

हर्बेरियमवाली

त्या नोंदीनंतर आयुष मंत्रालयाने विचारलं होतं की रुग्णांनी घेतली ती गुळवेलच होती का, की तिची दुसरी जात? भांडण कोणी जिंकलं ते बाजूला ठेवा, पण हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, आणि तो वनस्पतीशास्त्राचा आहे.

माझं आयुष्य वाळलेल्या नमुन्यांत गेलं. शंखपुष्पी म्हणून देशात किमान चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. कुठे विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्ण. अशोकाच्या सालीच्या नावाखाली सोसायट्यांच्या कडेला लावतात त्या उंच, सरळसोट आसुपालवाची साल येते. कुटलेली साल हातात घेऊन कोणी खात्रीने सांगू शकत नाही. आणि अशा मालावर प्रबंध होतात! बाजारातून आणलेलं चूर्ण, त्यावर तीन वर्षांची मेहनत, आणि मूळ झाडाचा नमुना कुठेही जमा नाही. मग तो प्रयोग दुसऱ्याने पुन्हा करायचा कशावर?

पैसा द्यायचाच असेल तर आधी नमुने ओळखणारी माणसं नेमा. हर्बेरियममध्ये जुनी माणसं निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी कोणी येत नाहीये.

कोथरूडची_मावशी

मी शास्त्रातली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या भाचीला लहानपणी ल्युकेमिया झाला होता. उपचारांत व्हिन्क्रिस्टीन होतं. ते सदाफुलीतून येतं हे मला तेव्हा वॉर्डमधल्या सिस्टरने सांगितलं. आज भाची इंजिनिअरिंगला आहे.

आमच्या सोसायटीत सदाफुली भरपूर. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा शुगरसाठी तिची पानं चावून खायचे. मी त्यांना हात जोडून सांगितलं, काका, हे नका करू. ज्या झाडातलं औषध थेंबाथेंबाने, रक्ताचे आकडे बघून शिरेतून देतात, ते अंदाजाने कसं खायचं? संशोधनाला विरोध करणाऱ्यांनी माझ्या भाचीकडे बघावं आणि झाडपाला तसाच खा म्हणणाऱ्यांनीही.

देवराई

मावशी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. सदाफुलीची हकिकत तुमच्या त्या आजोबांशी जुळते. कॅनडात १९५० च्या दशकात तिच्यावर काम सुरू झालं ते मधुमेहासाठीच. लोक मधुमेहावर तिचा काढा घेत असत. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. ते बघणाऱ्याने 'प्रयोग फसला' म्हणून वही मिटली नाही. पानांत व्हिन्क्रिस्टीन इतकं कमी असतं की टनभर वाळलेल्या पानांतून काही ग्रॅमच मिळतं. तेवढ्यासाठी माणसं झगडली आणि १९६३ मध्ये औषध मंजूर झालं.

हिंजवडीकर, तुमच्या लाख अर्कांवर माझं उत्तर हे. ती चाळणी होती, दिसेल ते झाड घालायची. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने मलेरियासाठी आधी जुने ग्रंथ चाळले, दोन हजारांवर पाककृती जमवल्या आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क तपासले. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्या असं होतं. उकळा असं नव्हतं. तू यूयू यांना वाटलं, उष्णतेनेच औषध मरत असेल. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. लाख अर्क कुठे आणि ३८० कुठे!

वैद्यराज, कल्प तपासायला माझी ना नाही. २०१५ पासून आपल्याकडे फायटोफार्मास्युटिकल नावाचा स्वतंत्र वर्ग कायद्यात आहे. शुद्ध केलेला अर्क, त्यातली किमान चार घटकद्रव्यं मोजलेली, आणि मग माणसांवरच्या चाचण्या. एकच रेणू काढायची सक्ती नाही. दार उघडं आहे, पण आत जायला कोट्यवधी रुपये आणि धीर लागतो.

हिंजवडीकर

तू यूयू यांच्याबद्दल आदर आहेच. पण फक्त जिंकलेल्यांचे दाखले देऊन चालत नाही. गुग्गुळही ग्रंथातूनच आला. सुश्रुताच्या मेदोरोगाच्या (शरीरात चरबी साठण्याच्या रोगाच्या) वर्णनावरून डॉ. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारसला प्रबंध केला. काम सुंदर होतं. पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने औषध बनवलं, १९८० च्या दशकात ते भारतात बाजारात आलं. २००३ मध्ये अमेरिकेतली चाचणी जामा या वैद्यकीय मासिकात छापून आली. गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढलं होतं. ग्रंथ, प्रयोगशाळा, सरकारी संस्था, परवाना, सगळं होतं. आणि राजस्थान-गुजरातेतलं गुग्गुळाचं झुडूप डिंकासाठी चिरा मारून मारून नामशेष व्हायला आलं.

बालहिरडा

झाडाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी आंबेगाव तालुक्यातला. आमच्याकडे महादेव कोळी घरांमधून बालहिरडा गोळा होतो, उन्हाळ्याचे पैसे त्यातून येतात. हिंजवडीकर, कॅम्पटोथेसिन तुम्ही अमेरिकेचं म्हणून सांगितलंत. तेच आमच्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात आहे, आणि ते भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच १९७२ मध्ये दाखवलं. त्यापासून बनलेलं इरिनोटेकान आतड्याच्या कर्करोगावर देतात. आणि डोंगरात काय झालं? शोध लागला, भाव आला, आणि झाडं खोडासकट तोडून, तुकडे करून पोत्यांतून रातोरात गेली. तोडणाऱ्या पोराला रोजंदारी मिळाली. पकडलं गेलं तेही तेच पोर.

जैवविविधता कायदा २००२ चा. फायद्यातला वाटा स्थानिकांना द्या म्हणणारा. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत लिहिलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना या वाट्यातून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथात असेल तर आमचा वाटा नाही. आणि आमच्या म्हाताऱ्यांचं ज्ञान ग्रंथात नाही, तर ते आमचं होतं हे आम्ही कसं सिद्ध करायचं?

केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती शास्त्रज्ञांना दाखवली, तिच्यापासून जीवनी नावाचं औषध बनलं, तेव्हा संस्थेने परवाना शुल्क आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांना दिला. तिथेही पुढे अडचणी आल्या, पण दिला. पुण्याच्या कुठल्या प्रयोगशाळेने भीमाशंकरच्या माणसाला कागदावर वाटा लिहून दिलाय, ते मला दाखवा. मग पैशाचं बोलू.

देवराई

बालहिरडा, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते बनवून सांगणार नाही. तुमची अट मी मूळ मागणीत घालतो. वनस्पती निवडण्याआधी करार, आणि लागवड केलेलंच झाड वापरायचं. टॅक्सॉलसाठी आधी झाडांची साल सोलत होते, नंतर युरोपातल्या यू झाडाच्या पानांतला रेणू घेऊन प्रयोगशाळेत टॅक्सॉल घडवायला लागले. पानं पुन्हा फुटतात. नरक्यासाठी असं काम पहिल्या दिवसापासून हवं होतं.

हिंजवडीकर, गुग्गुळाचा दाखला मी तुमच्या बाजूने मोजत नाही. नीट चाचणी झाली आणि उत्तर 'नाही' आलं. संशोधन ते हेच. माझं दुःख एवढंच की मोठी, कडक चाचणी परवान्याच्या आधी आणि आपल्याकडे व्हायला हवी होती.

एमफार्म_दुसरं_वर्ष

सर, मी सगळं वाचतेय. मला निर्गुडी मिळाली आहे. मिथेनॉल अर्क, डीपीपीएच, पंजाची सूज, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. प्राणी नीतिमत्ता समितीकडे अर्ज अजून गेलेला नाही. विषय बदलता येणार नाही, पण आतलं काम बदलता येईल. काय करू?

हिंजवडीकर

उंदरांपर्यंत जाऊच नका. शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून निर्गुडीची चूर्णं आणा, खात्रीच्या झाडाची पानं शेजारी ठेवा आणि दोन्हींत अ‍ॅग्नुसाइड आणि नेगुंडोसाइड ही निर्गुडीतली द्रव्यं किती ते एचपीएलसी या मोजणाऱ्या यंत्रावर मोजा. पुण्यातला माणूस निर्गुडी म्हणून नक्की काय घेतोय ते कळेल. हे कोणाच्या तरी उपयोगाचं आहे.

देवराई

बाजारातल्या मालाचं काम जरूर कर, पण सूज सोडू नकोस. फक्त मिथेनॉल नको. कुठला वैद्य रुग्णाला मिथेनॉल अर्क देतो? काढा कर, वैद्यांकडून कृती समजून घे, मात्रा माणसाच्या मात्रेवरून काढ. आणि सूज उतरली नाही तर ते तसंच छाप. गाईडना अडचण वाटली तर मी बोलतो.

हर्बेरियमवाली

आणि पिशवीभर सुटी पानं घेऊन येऊ नकोस, त्यावर मी सही करणार नाही. फुलं असलेली फांदी आण, वर्तमानपत्रात दाबून. कुठून तोडली, कोणत्या तारखेला, झुडूप किती उंच होतं, फुलांचा रंग कसा होता, ते तिथेच लिहून ठेव, कारण वाळल्यावर रंग उडतो. नमुना जमा करून क्रमांक घे, आणि तो क्रमांक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाक.