कॅगच्या अहवालात आपल्या भागातले काम आले: लोकलेखा समितीकडे जायचे की सभागृह समिती मागायची?

डिचोलीकर

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी बांधकामावर कॅगच्या (नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या) अहवालात परिच्छेद आला आहे. मुद्दे तीन: निविदेबाहेरचे जादा काम मूळ कंत्राटदारालाच दिले, वाढीव खर्चाची मंजुरी काम संपल्यावर घेतली, आणि उशीर होऊनही दंड लावला नाही. पैसे खात्याचे, काम महामंडळाने करून घेतलेले. विधानसभेत एलएक्यू (आमदाराचा लेखी प्रश्न) आला तेव्हा मंत्र्यांनी ‘चौकशी करून कारवाई करू’ असे उत्तर दिले. त्यानंतर दोन अधिवेशने झाली, काहीच हललेले नाही.

गावात आता दोन मते आहेत. काहींना आमदारामार्फत सभागृह समितीची (एका विषयाच्या चौकशीपुरत्या आमदारांच्या समितीची) मागणी करायची आहे, काही म्हणतात लोकलेखा समितीला निवेदन द्या. समिती प्रत्यक्षात काय करू शकते? अधिकाऱ्याला निलंबित करू शकते का? आणि कागद द्यायचे तर कोणते, कोणाकडे?

पर्वरीची गॅलरी

निलंबनाचे आधी सांगतो: नाही. विधानसभेची कोणतीही समिती कोणाला निलंबित करत नाही, गुन्हा नोंदवत नाही, वसुलीचा आदेश काढत नाही. ती कागद मागवते, सचिवाला समोर बसवून उत्तर घेते आणि सभागृहाला शिफारस करते. कारवाई करायची ती खात्यानेच. ‘समिती नेमली म्हणजे आता दोषींची खैर नाही’ ही वर्तमानपत्री भाषा आहे, तिच्यावर विसंबू नका.

आता कोणती समिती. तुमच्याकडे कॅगचा परिच्छेद आहे, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. राज्यघटनेच्या कलम १५१(२) प्रमाणे अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून सभागृहाच्या पटलावर येतो आणि पुढे समितीकडे. पण कोणत्या समितीकडे, इथे लोक फसतात. खात्याच्या खर्चावरचे परिच्छेद लोकलेखा समितीकडे जातात, सरकारी कंपन्या आणि महामंडळांवरचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. तुमच्या प्रकरणात पैसे खात्याचे आणि अंमलबजावणी महामंडळाची. अशा वेळी खाते म्हणते आम्ही निधी दिला, बाकी महामंडळाला विचारा, आणि महामंडळ म्हणते आम्ही खात्याच्या सूचनेप्रमाणे केले. म्हणून अहवालाची अनुक्रमणिका उघडून तुमचा परिच्छेद कोणत्या प्रकरणात छापला आहे ते पाहा. निवेदन त्या समितीच्या अध्यक्षांच्या नावे आणि प्रत विधिमंडळ सचिवांना. दोन्ही पर्वरीच्या विधानसभा संकुलात पोचते होतात. पोच शिक्क्यासह घ्या.

तिसरी समिती कोणाच्या लक्षातच येत नाही: आश्वासन समिती. मंत्र्यांनी सभागृहात ‘चौकशी करून कारवाई करू’ म्हटले असेल तर ते आश्वासन ठरते. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ अशा ठरावीक शब्दप्रयोगांवरूनच आश्वासने वेगळी काढली जातात. संसदेत ते पुरे करायला तीन महिन्यांची मुदत असते आणि मुदतवाढ हवी तर खात्याला कारण द्यावे लागते. एलएक्यूचा क्रमांक, तारीख आणि उत्तराची प्रत विधानसभेच्या संकेतस्थळावरून काढा आणि एका पानाचे पत्र आश्वासन समितीला द्या. माझ्या मते तुमच्या हातातले सर्वात स्वस्त हत्यार हेच. इथे गैरव्यवहार सिद्ध करावा लागत नाही. ‘तुम्ही बोलला होता, मग काय केले?’ एवढाच प्रश्न आहे.

सभागृह समितीची घाई करू नका. ती नेमायची तर सभागृहाची किंवा सभापतींची तयारी हवी, म्हणजे पर्यायाने बहुमताची. चाळीस आमदारांच्या विधानसभेत बारा मंत्री, शिवाय सभापती आणि उपसभापती वजा केले की सगळ्या समित्या चालवायला सव्वीस माणसे उरतात. एकेक जण तीन-चार समित्यांवर. त्यातले काही महामंडळांचे अध्यक्ष. आता महामंडळाच्या कामावर समिती नेमली तर तिच्यात कोण बसेल, याचा विचार मागणी करण्याआधी करा. सदस्याचा थेट हितसंबंध असेल तर हरकत घेता येते, पण ती समितीतल्याच कोणीतरी वेळेवर घ्यावी लागते.

जुना लेखापाल

गॅलरीवाल्या बाबांचे बरोबर आहे, पण निवेदन कसे लिहायचे ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. समितीकडे येणारी बहुतेक निवेदने बाद होण्यासारखी असतात, कारण त्यांत राग असतो आणि संदर्भ नसतो.

आधी परिच्छेदाचा शेवट वाचा. कॅग मसुदा खात्याला पाठवून उत्तर मागवतो आणि ते उत्तर परिच्छेदातच छापतो. त्याखाली बहुधा एक वाक्य असते: ‘हे उत्तर ग्राह्य धरता येत नाही, कारण...’ त्या ‘कारण’च्या पुढे जे आहे, तोच तुमचा खटला. त्याला पुष्टी देणारे कागद आणा, बाकीचे राहू द्या.

गोव्यात बांधकामाची कंत्राटे बहुतांशी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नमुन्यावर असतात. तुमचे त्या नमुन्यावर आहे का ते करारात पाहा. असेल तर तीन कलमे: कलम २ उशिराच्या दंडाचे (कमाल मर्यादा निविदा रकमेच्या १० टक्के), कलम ५ मुदतवाढीचे आणि कलम १२ जादा व बदललेल्या कामाचे. माहिती अधिकारात मागायचे ते हे:

– प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी आणि तांत्रिक मंजुरी, तिन्ही तारखांसह
– कार्यादेश आणि कराराची प्रत
– मुदतवाढीचा अर्ज व आदेश, आणि अडथळ्यांची नोंदवही (हिंडरन्स रजिस्टर)
– जादा बाबींचे विवरणपत्र आणि त्यांच्या दरांचे विश्लेषण
– मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि शेवटचे देयक
– कार्योत्तर मंजुरीच्या फायलीतली टिपणे

यातली अडथळ्यांची नोंदवही विसरू नका. दंड माफ करताना खाते म्हणते की पाऊस होता, जागा ताब्यात नव्हती, विजेचे खांब हलवायचे होते. ते खरे असेल तर त्या-त्या दिवशी नोंदवहीत अडथळा सुरू झाल्याची आणि संपल्याची नोंद असते. नोंदवहीच नसेल, किंवा सगळ्या नोंदी एकाच शाईत एकाच दिवशी केलेल्या दिसल्या, तर माफीला आधार उरत नाही. मुदतवाढ ‘दंडाचा हक्क राखून’ दिली की ‘दंडाविना’, तेही आदेशात स्पष्ट असते. बहुतेक जण ते वाचतच नाहीत.

‘फाइलची संपूर्ण प्रत द्या’ असे मागू नका, जन माहिती अधिकारी ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून तपासणीला बोलावतो आणि महिना जातो. त्यापेक्षा कागदाचे नाव लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आपल्याकडे केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी, १९९७ मध्ये, राज्याचा माहिती अधिकार कायदा होता. खात्यांना ही कामे नवीन नाहीत.

निवेदन दोन पाने, फार तर तीन. डाव्या बाजूला परिच्छेदातले वाक्य, उजव्या बाजूला खात्याचे म्हणणे, खाली ते म्हणणे खोडणारा कागद आणि त्याचा जोडपत्र क्रमांक. शेवटी समितीने सचिवांना विचारावेत असे चार-पाच प्रश्न. प्रश्न लिहून देणे फार महत्त्वाचे, कारण बैठकीआधी आमदारांना फाइल वाचायला वेळ नसतो. त्यांच्यासमोर तयार प्रश्न असेल तर तो विचारला जातो.

मडगावचा वकील

कायद्याची बाजू थोडक्यात.

कॅगचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अरुणकुमार अगरवाल प्रकरणात सांगितले की तो अहवाल लोकलेखा समितीच्या छाननीला अधीन आहे, त्यातली मते आहेत तशी निष्कर्ष म्हणून उचलता येत नाहीत. म्हणून नुसता परिच्छेद जोडून उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकू नका.

समितीच्या अहवालाचे २०१८ पासून स्पष्ट झाले आहे. कल्पना मेहता प्रकरणात घटनापीठाने म्हटले की संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात दाखवता येतो, त्याची न्यायिक दखल घेता येते. मात्र त्याच्या वैधतेला आव्हान देता येत नाही, आणि त्यातली एखादी वादग्रस्त गोष्ट सिद्ध करायची तर वेगळा पुरावा लागतो. म्हणजे अहवाल मिळाला तरी मूळ कागद तुमच्याकडे हवेतच.

कोणी ‘चौकशी आयोग नेमा’ म्हणाले तर १९५२ च्या कायद्याचे कलम ८-ब लक्षात ठेवा. ज्याच्या नावलौकिकाला बाधा येऊ शकते त्याला म्हणणे मांडू द्यावे लागते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत ठेवला गेला, सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा गाजला आणि त्याच महिन्यात खाणी थांबल्या. पण आपल्याला ऐकूनच घेतले नाही, हा खाणमालकांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा सरकारी बाजूला सांगावे लागले की केवळ आयोगाच्या अहवालावर कारवाई करणार नाही, आपली छाननी करून करू. शिवाय आयोगासमोरचे निवेदन साक्षीदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही (कलम ६).

आणि सर्वात वाईट बातमी. गोव्यातल्या सरकारी नोकरांना केंद्राचेच सेवा आणि निवृत्तिवेतन नियम लागू असतात. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यावर, चौकशी सुरू करण्याच्या तारखेपूर्वी चार वर्षांहून जुन्या घटनेसाठी, खातेनिहाय कारवाई करता येत नाही. काम झाले, मग लेखापरीक्षा, मग अहवाल पटलावर, मग समिती, मग शिफारस. एवढ्यात चार वर्षे सहज जातात आणि माणूस निवृत्त झालेला असतो. कार्यकारी अभियंत्याची निवृत्तीची तारीख आताच शोधून ठेवा आणि समितीची वाट न पाहता दक्षता खात्याकडे लेखी तक्रार द्या. फौजदारी अंगाने जायचे तर अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली पूर्वमंजुरी लागते, ती वेगळी पायरी.

सांगे-केपे

एवढा खटाटोप करून हाती काय लागणार? २०११ मध्ये लोकलेखा समितीचे अध्यक्ष खुद्द विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर होते. बेकायदा खाणकामावर समितीने महिनोन्‌महिने काम केले. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला तेव्हा सत्ताधारी सदस्यांनी सही केली नाही आणि सगळा वाद सह्यांवरच अडकला. आता तर सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे आठ आमदार गेल्यावर चाळीसपैकी विरोधी बाकांवर सात राहिले. सातांनी काय करायचे? लोकायुक्तांचेही तेच. न्यायमूर्ती मिश्रा २०२० मध्ये पदावरून उतरताना सांगून गेले की दिलेल्या एकवीस अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही.

पर्वरीची गॅलरी

@सांगे-केपे, उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. त्या समितीने खात्याकडून मागवलेले आकडे आणि लेखी उत्तरे कुठे वाहून गेली नाहीत, खाणींचा विषय त्यानंतर थांबलाच नाही. तरी त्या प्रकरणातून शिकायचे ते हे, की एवढ्या मोठ्या आणि राजकीय विषयावर समितीत एकमत होत नाही, लहान आणि नेमक्या विषयावर होते. एका इमारतीचा दंड का माफ केला, यावर सत्ताधारी आमदाराला पक्षाची अडचण नसते. म्हणून निवेदनात मंत्र्याचे नाव घालू नका. समितीसमोर उत्तर द्यायला सचिव येतो, मंत्री नव्हे. सचिवाला बदलून गेलेल्या आधीच्या अधिकाऱ्याचे समर्थन करायची फारशी हौस नसते.

डिचोलीकर

सर्वांचे आभार, बराच गोंधळ निवळला. परिच्छेद महामंडळांच्या प्रकरणात छापला आहे, म्हणजे सार्वजनिक उपक्रम समिती. आणखी दोन शंका. समितीने आम्हाला बोलावले तर तिथे झालेले गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकता येईल का? आणि अहवाल येईपर्यंत विधानसभेची मुदत संपली तर?

मडगावचा वकील

पहिल्याला स्पष्ट नकार. समितीची बैठक खासगी असते, अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत तिथली साक्ष आणि कागद बाहेर काढणे हा हक्कभंग ठरू शकतो. माहिती अधिकारातही कलम ८(१)(क) खाली हेच कारण देऊन नकार येतो. तुम्ही स्वतः मिळवलेले कागद मात्र तुमचेच, ते कुठेही द्या. म्हणूनच समितीला द्यायच्या आधी सगळ्याचा एक संच बाजूला काढून ठेवा.

दुसरे: विधानसभा विसर्जित झाली की समितीही संपते. सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. पुढची समिती तो परिच्छेद पुन्हा हाती घेऊ शकते, कारण कॅगचा अहवाल पटलावरून नाहीसा होत नाही, पण तुमचे निवेदन नव्या अध्यक्षांच्या नावे परत द्यावे लागेल.

जुना लेखापाल

एक पुस्ती. निवेदनाची प्रत पर्वरीलाच महालेखापालांच्या कार्यालयात ‘अमुक वर्षाचा अहवाल, अमुक परिच्छेद’ असा विषय लिहून द्या. समितीच्या बैठकीला महालेखापाल किंवा त्यांचे अधिकारी साहाय्याला बसतात आणि खात्याने दिलेले स्पष्टीकरण समितीपुढे जाण्याआधी त्यांच्याकडून तपासून यावे लागते. खात्याने त्यात अडथळ्यांची नोंदवही आहे असे लिहिले आणि तुमच्याकडे ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’ असे माहिती अधिकारातले उत्तर असेल, तर तो कागद तिथेच सर्वात जास्त कामाचा.

डिचोलीकर

नोंदवहीचा अर्ज उद्याच टाकतो. आश्वासन समितीचे पत्रही सोबतच.