पालक येतात, पण बाजाराच्या दिवशी

ग्रामीण शाळांतील पालक स्नेहसंमेलनापुरतेच उगवतात आणि शाळा व्यवस्थापन समिती केवळ कागदावर असते, या मताशी मी निम्मा सहमत आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. मात्र सभा सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवर खुरपणीला जाणारी आई मजुरी बुडवून येणार कशी, हा प्रश्न अशा चर्चेत कोणी विचारलेला दिसत नाही.

मी काही वर्षे ज्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत होतो, तिथे याचे उत्तर आम्हाला जवळजवळ अपघातानेच सापडले. डिसेंबरात बाल आनंद मेळावा म्हणून मुलांचा भाजीबाजार भरवला. मेथीच्या जुड्या, बोरे, चिंचा, उकडलेल्या शेंगा आणि एका तिसरीतल्या मुलाने घरून आणलेली, खरेदीच्या भावातच विकून टाकलेली भेळ (त्याचा हिशेब फळ्यावर मांडताना वजाबाकीचा धडा आपोआप झाला). बाजार दुपारी चारनंतर असल्याने शेतावरून परतणाऱ्या बायका पिशव्या घेऊन थेट शाळेत आल्या, आणि मुख्याध्यापकांनी तिथेच, ओट्यावर बसून, समितीची सभा उरकली. स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या दाराचा विषय त्या दिवशी प्रथमच आयांनी काढला. तोवरच्या इतिवृत्तांत तो कधीच आला नव्हता.