श्वासाच्या मशीनला कुलूप, किल्ली डीलरकडे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

कालपासून सीपॅप-बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासाला मदत करणारी मशीन) विकणाऱ्या कुणाची तरी एक पोस्ट फिरतेय. सारांश असा: नव्या मशीनमध्ये मोडेम (वापराची माहिती नेटवरून बाहेर पाठवणारा) आहे, पासवर्ड आहे, एन्क्रिप्शन आहे, आणि हे सगळं रुग्णाच्या जिवाच्या काळजीपोटी आहे. कंपनीबाहेरच्या माणसाला मशीन दाखवणारे घरच्या माणसाच्या जिवाशी खेळतात. खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग. ते वाचून राहवलं नाही.

माझे सासरे वाळवा तालुक्यातले. उभा जन्म गुऱ्हाळावर, चुलवाणाच्या धुरात गेला. आता सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार. दिवसा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन), रात्री बायपॅप. मध्यंतरी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बायपॅपचं वरचं (श्वास आत घेतानाचं) प्रेशर १४ वरून १६ करून घ्या. डीलर म्हणाला, सेटिंगचा मेन्यू आमचाच माणूस उघडणार, व्हिजिट चार्ज वेगळा. माणूस उगवला तो आठवडा उलटल्यावर. तोवर सासरे रात्र रात्र उशीला टेकून बसलेले. त्या माणसाने केलं काय? दोन बटणं एकत्र धरून ठेवली, मेन्यू उघडला, चकती फिरवून १६ केलं, बिल फाडलं आणि गेला.

दोन बटणं तर कुणालाही दाबता येतात. मग हे कुलूप नक्की कुणासाठी होतं? आमच्यासाठी.

नेटवर्कवरून कुणी परक्याने मशीनमध्ये शिरू नये म्हणून केलेला बंदोबस्त मला हवाच आहे, तो जितका कडक तितका बरा. पण ज्याने पैसे मोजले त्याला, त्याच्या डॉक्टरला आणि जवळच्या तंत्रज्ञाला अडवणारं कुलूप वेगळं. पोस्टवाल्याने दोन्ही एकाच नावाखाली खपवलीत. २०२० मध्ये, ऐन कोविडात, मेडट्रॉनिकच्या प्युरिटन बेनेट ८४० व्हेंटिलेटरचं प्रकरण गाजलं होतं. एका बिघडलेल्या मशीनचा स्क्रीन दुसऱ्याला लावला तर कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडी जुळवल्याशिवाय मशीन चालायचं नाही. शेवटी पोलंडमधला एक तंत्रज्ञ ते कुलूप उघडणारे डोंगल (मशीनला जोडायची छोटी उपकरणं) बनवून दुरुस्तीवाल्यांना पाठवत होता. माणसं व्हेंटिलेटरवाचून मरत असताना चांगले सुटे भाग नुसते पडून राहणार, आणि याला म्हणे सुरक्षा!

बायोमेडवाला

आयसीयूतली मशीन सांभाळणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे स्पष्ट बोलतो. तुमच्या सासऱ्यांना त्रास झाला हे वाईटच. पण एका डीलरच्या आळशीपणावरून कुलूपच नको म्हणणं धोक्याचं आहे.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने जीईच्या एस्टिव्हा आणि एस्पायर या भूल देण्याच्या मशीनबद्दल इशारा दिला होता. ती टर्मिनल सर्व्हरमार्फत नेटवर्कला जोडलेली असली तर बाहेरचा माणूस गॅसच्या मिश्रणाशी संबंधित सेटिंग बदलू शकत होता, अलार्म गप्प करू शकत होता. कारण काय? ओळख पटवण्याची सोयच नव्हती. कुलूप नव्हतं म्हणून! नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडकवणाऱ्या प्रोग्रॅमने) बसले, तेव्हा कित्येक दिवस नोंदणी कागदावर चालली. आता श्वासाची मशीनही त्याच जाळ्यात येतायत.

दुसरं, घरच्यांच्या हातात सेटिंग दिल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. सीओपीडीचेच आजोबा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के दिसला म्हणून मुलाने घाबरून कॉन्सन्ट्रेटर ५ लिटरवर नेला. ९८ झालं, घरचे खूश. सकाळी आजोबा हलवूनही उठेनात. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढला होता. अशा रुग्णाला ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं. हे यूट्यूब बघून कळत नाही.

कृष्णाकाठ

साहेब, कॉन्सन्ट्रेटरच्या फ्लोच्या नॉबला कुलूप असतं का? नसतं. कुठल्याही घरात कुणीही फिरवू शकतं. म्हणजे ज्या नॉबने जीव जाऊ शकतो तो उघडा, आणि ज्या मेन्यूतून व्हिजिट चार्ज निघतो तो बंद. त्या मुलाला ८८ ते ९२ हे कुणी लिहून दिलं होतं का? आमच्याकडे नर्सताईंनी मशीनवरच चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलंय. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण ते आकडे त्यांना पाठ आहेत.

जीईचं प्रकरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथे परक्याला दार उघडं होतं. ते बंद करा, कोण नको म्हणतंय?

निद्रानाश_ठाणे

मूळ पोस्टवाल्याने मोडेमचे गोडवे गायलेत म्हणून लिहितो. अमेरिकेत मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) नियम आहे. पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास सीपॅप वापरलं असं दिसलं, तरच मशीनचे पैसे पुढे मिळत राहतात. ते तास मोजतं कोण? हाच मोडेम. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. मुलगी तापाने फणफणलेली, हा रात्रभर जागा, आणि मनात धास्ती की आज चार तास भरणार नाहीत. आपल्याकडेही विमेवाल्यांचा डोळा या आकड्यांवर जाईल. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून निवांत बसू नका, मशीन घेताना संमतीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

मी माझ्या मशीनचं एसडी कार्ड काढून ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बघतो. किती वेळा श्वास अडला, मास्क कुठे गळला, सगळं दिसतं. डीलरने कधी एवढं दाखवलं नाही.

सदाशिव_पेठी

एकतर्फी चाललंय. मोडेममुळेच माझ्या आईचा मास्क रात्रभर गळतोय हे डॉक्टरांना त्यांच्या केबिनमधून कळलं. आई ७८ वर्षांची, मी बंगळुरूला. मी काय कार्ड काढायला रोज पुण्याला येऊ? तुमची भीती खरी असेल, पण आमची सोयही खरी आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता

थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या मंडळाने वर्गणी काढून कॉन्सन्ट्रेटर घेतले. मिळतील तसे, मिळेल त्या कंपनीचे. आज ते समाजमंदिराच्या खोलीत, गणपतीच्या मखराशेजारी धूळ खात पडलेत. दोन दाबले तर पिवळा दिवा लागतो. विकणाऱ्याचा फोन बंद. कंपनीचं नाव गूगलवरही सापडत नाही. कुलूप, मोडेम राहू द्या, यांना उघडणारा माणूस आणि मिळणारा पार्ट सांगा.

बायोमेडवाला

हेच ते! नाव नसलेला माल घेतला की असंच होतं. आणि मंडळांनीही मशीनपेक्षा फोटोंवर जास्त लक्ष दिलं. चार वर्षं मशीन बंद ठेवलं तर आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन अडवणारे दाणे) हवेतली ओल शोषून बसणारच. मग तो नायट्रोजन नीट अडवत नाही. मशीन आवाज करतं, हवा येते, पण ती ऑक्सिजन नसते. महिन्या-दोन महिन्यांनी काही तास चालवायला काय झालं होतं?

मंडळाचा_कार्यकर्ता

फोटोंचं नाव काढू नका. एप्रिलमध्ये तुमच्या हॉस्पिटलांत बेड नव्हता तेव्हा आमची पोरं रात्री दोनला स्कूटरवर मशीन पुढे धरून घरोघरी पोचवत होती. त्यातला एक पोरगा आज नाही. झिओलाइट आणि ओल हे तेव्हा आम्हाला सांगायला कोण आलं होतं? मॅन्युअल इंग्रजीत आणि चिनीत. तुमच्यासारख्या जाणकारांनी एक पानभर मराठी माहिती वाटली असती तर ही मशीन आज चालू असती.

परिचारिका_सोलापूर

दोघेही थांबा. दादा, तुमच्या पोरांचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याला कुणी नाव ठेवू नये. पण ती मशीन तपासल्याशिवाय कुणाला देऊ नका. ऑक्सिजन ॲनालायझर लावून पूर्ण फ्लोवर शुद्धता बघायची. चांगलं मशीन ९० टक्क्यांच्या वर दाखवतं. ८२ च्या खाली गेलं तर ते रुग्णाला लावायचं नाही. आमच्याकडे दान आलेल्यांत एक असं निघालं की मागची जाळी काढली तर फिल्टरवर गोधडीसारखा धुळीचा थर. तो धुतला, वाळवला, आकडा वर आला. दुसऱ्याचा मात्र काही केल्या येईना, ते बाजूला काढलं.

आणि विजेचं कुणीच बोलत नाही. गावाकडे व्होल्टेज १७० ला येतं तेव्हा कॉम्प्रेसर कण्हतो. साधा इन्व्हर्टर ५ लिटरच्या मशीनला रात्रभर पुरत नाही, तीनशे-साडेतीनशे वॉट खातं ते. सिलिंडर भरून बाजूला ठेवलेला हवाच.

सदाशिव_पेठी

विजेचं अगदी खरं. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाणार हे पुण्यात पाठ आहे, पण न सांगता गेली की आईच्या बायपॅपचा अलार्म आणि माझा बंगळुरूतला फोन एकदमच वाजतात.

निद्रानाश_ठाणे

वीज महत्त्वाचीच, पण मूळ मुद्दा मागे पडतोय. बायोमेडवाले साहेब, "कंपनीचा माल म्हणजे सुरक्षित" हे फिलिप्सच्या जून २०२१ च्या रिकॉलनंतर तरी म्हणू नका. आवाज कमी करायला बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासाच्या नळीत येऊ शकतात म्हणून जगभरात लाखो सीपॅप-बायपॅप आणि व्हेंटिलेटर परत मागवावे लागले. पासवर्ड होते, मोडेम होते. फोम तरी झिजलाच.

बायोमेडवाला

फिलिप्सचा मुद्दा मान्य, उत्तर नाही माझ्याकडे. हेही मान्य की आमच्यासारख्या हॉस्पिटलच्या इंजिनिअरांनाही काही कंपन्या सर्व्हिस कोड देत नाहीत. वॉरंटी संपली की देखभालीच्या वार्षिक कराराचा आकडा ऐकून प्रशासन मशीन कोपऱ्यात ढकलतं. तो राग मलाही आहे. पण "गल्लीतला तंत्रज्ञ" हे मी मान्य करणार नाही. त्याच्याकडे फ्लो ॲनालायझर (मशीनचा दाब आणि प्रवाह मोजणारं साधन) आहे का? दुरुस्तीनंतर मशीन खरंच १६ देतंय की १२, हे तो कशावर मोजणार?

कृष्णाकाठ

हे बरोबर, आणि ही अट मला मंजूर आहे. ज्याच्याकडे मोजायचं साधन आणि प्रशिक्षण आहे त्यालाच दुरुस्ती करू द्या. पण त्याला सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट मिळायला हवेत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये तपासून सांगितलं की बाहेरच्या दुरुस्तीमुळे व्यापक धोका आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने समिती नेमली. तिने चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू, वाहनं. ट्रॅक्टर आहे, फ्रिज आहे. माझ्या सासऱ्यांचं श्वासाचं मशीन त्यात नाही. ग्राहक व्यवहार खात्याला मी हेच लिहून पाठवतोय. सही करणार का साहेब?

बायोमेडवाला

मसुदा आधी पाठवा. मोजमापाची अट त्यात नसेल तर सही नाही.

मंडळाचा_कार्यकर्ता

परिचारिका ताई, तो ॲनालायझर जिल्हा रुग्णालयात मिळेल का? रविवारी सगळी मशीन टेम्पोत घालून आणतो.

परिचारिका_सोलापूर

रविवारी नको दादा, बायोमेडिकलचा विभाग बंद असतो. सोमवारी सकाळी या. आदल्या दिवशी फिल्टर धुऊन सावलीत वाळवा आणि प्रत्येक मशीनवर ते किती तास चाललंय ते मीटर बघून लिहून आणा.